आटवलेलं पाणी

गेल्या महिन्यात माझ्या नातीची एक मैत्रीण आपलं दोन महिन्यांचं बाळ घेऊन भेटायला आली. शहराबाहेर नव्या कॉलनीत राहते, तिथे सगळं पाणी बोअरचं. बोलता बोलता म्हणाली, "आजी, पाण्याच्या रिपोर्टमध्ये नायट्रेट जास्त आलंय. पण मी काळजी घेते. बाळाच्या दुधाचं पाणी चांगलं वीस मिनिटं उकळते."

मी हातातला चहा खाली ठेवला. तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला. जाताना म्हणाली, "आजी, हे लिहून द्या ना. आमच्याकडे अजून तीन बायांची बाळं लहान आहेत."

म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत होत नाही. चार ओळी लिहिल्या की पाठ भरून येते, मग आडवी होते. कुठे धागा तुटल्यासारखा वाटला तर समजून घ्या.

मुरारला जाणं

तेव्हा आम्ही ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात राहत होतो. हे सचिवालयात कारकून. आठ वर्षांपूर्वी संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला होता, आणि आता मध्य भारतही संपून मध्य प्रदेश होणार होता. राजधानी भोपाळ. त्या वर्षी संध्याकाळी गल्लीत दोन माणसं भेटली की एकच प्रश्न, "तुमचं नाव आलं का यादीत?" कचेरीत फायली पेट्यांत भरणं चाललं होतं. हे घरी यायचे ते धुळीनं माखून, आणि जेवता जेवता डुलक्या घ्यायचे.

आमची नंदा त्याच ज्येष्ठात झाली. पहिलीच. सव्वा महिना सगळं नीट चाललं आणि मग मला ताप आला. तीन दिवसांत उतरेल म्हणत होतो, तो मुदतीचा, म्हणजे टायफॉइड, निघाला. अंगातलं बळ गेलं, त्याबरोबर दूधही गेलं. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं. मी पडल्या पडल्या बघायची, हे चमच्यानं पावडर मोजून बाटलीत घालताहेत, आणि नळाचं उकळलेलं पाणी ओतून बाटली गालाला लावून बघताहेत. पुरुषमाणसानं हे करायचा तो काळ नव्हता. त्यांनी केलं.

माझा ताप उतरतोय तोच यादी आली. भोपाळला जाणाऱ्या पहिल्या तुकडीत ह्यांचं नाव. तिथे राहायला जागा नाही, पाच-पाच कारकून एका बराकीत झोपणार. बायका-मुलांना न्यायचा सवालच नव्हता. उठून दोन पावलं चालले तरी माझे पाय थरथरत होते, मला एकटीला कुठे ठेवणार? शेवटी ह्यांनी मला गावाच्या दुसऱ्या टोकाला, छावणीकडच्या मुरारला, आपल्या थोरल्या बहिणीकडे पोचवलं. हे त्यांना अक्का म्हणत. मी वन्सं म्हणायची.

वन्सं विधवा होत्या. त्यांचे यजमान संस्थानच्या फौजेत सुभेदार होते. फौज मोडली, भारतीय सैन्यात गेली, त्यांना घरी बसवलं आणि दोन वर्षांत ते वारले. वन्सं मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. घर बैठं, दोन खोल्यांचं. मागे अंगण, अंगणात विहीर. विहिरीच्या एका बाजूला शेजाऱ्यांचा गोठा, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे संडास. त्या गल्लीत नळ आला नव्हता. पाणी दिसायला स्वच्छ, प्यायला गोड. सगळी गल्ली त्या पाण्याची तारीफ करायची.

टांग्यातून उतरल्यावर मी बाळ वन्संपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले.

"तूच घे गं," त्या म्हणाल्या. "माझे हात खरखरीत आहेत."

वन्संची शिस्त

ह्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. वन्सं माझं सगळं करत होत्या. पेज, मुगाचं कढण, अंग पुसणं. बाळाचंही करत होत्या, पण लांबून. लंगोट धुवायच्या, बाटली उकळून द्यायच्या, झोळी बांधून द्यायच्या. बाळाला मात्र उचलायच्या नाहीत. मला वाटायचं, सोवळं असेल काही, किंवा सवय नसेल.

दुधाचं पाणी त्या स्वतः करायच्या. शेगडीवर पितळी पातेलं ठेवून विहिरीचं पाणी उकळायच्या, आणि उकळून थांबायच्या नाहीत. पातेल्यात आतल्या बाजूला जिथवर पाणी असे तिथे एक ओरखडा होता, त्याच्या निम्म्यावर येईपर्यंत आटवायच्या.

"तान्ह्याला निम्मं आटवलेलंच द्यावं," त्या सांगायच्या. "हलकं होतं. पोटाला बाधत नाही."

माझी आईही हेच करायची. मी कशाला विचारणार होते?

दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी मी बाळाला पाजत होते. वन्सं दारात बाटलीचं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "कुसुम, तिचे ओठ बघ."

ओठ जांभळट होते. मला वाटलं गार लागलंय. मी पाय उघडे करून पाहिले तर नखंही तशीच. पाटीवरचं पुसलेलं खडूचं पाणी वाळल्यावर जसा रंग राहतो तसा सगळा चेहरा. बाळ रडत नव्हतं, ताप नव्हता, नुसतं सुस्त.

मी वर पाहिलं. वन्संचा चेहरा बाळाहून वाईट झाला होता.  चपला न घालता टांगा बघायला धावल्या.

पहिल्यांदा अस्पतालात

मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, नखं दाबून पाहिली, आणि माझ्याशी न बोलता वन्संशी बोलले. हृदयात जन्मापासून दोष असावा. अशी मुलं निळी पडतात. आपल्याकडे यावर इलाज नाही. मी शेजारीच उभी होते. माझ्या मुलीबद्दल ते असं बोलत होते जसं काही मी तिथे नाहीच.

ह्यांना तार केली. उत्तर आलं, रजा नामंजूर, प्रयत्न चालू आहे.

वॉर्डमध्ये बारा खाटा. सकाळी सहाला झाडू, सातला दुधाची गाडी, नऊला डॉक्टरांची फेरी. फेरी आली की सगळ्या आया उठून उभ्या राहत, शाळेत तपासनीस आल्यासारख्या. फेरी पुढे गेली की बसत. माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं. मी खाटेच्या दांड्याला धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, लवकर पुढे जा.

तिथल्या सिस्टर केरळच्या होत्या, नाव मरियम. तुटकं हिंदी बोलायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझी खाट भिंतीला लावून दिली, टेकता यावं म्हणून. त्या अस्पतालात तेवढी एक गोष्ट अशी होती की जी मी न मागता कुणी केली.

आणि नंदा सुधारली. दुसऱ्या दिवशी ओठ जरा उजळले, चौथ्या दिवशी गुलाबी. डॉक्टर म्हणाले, असं वर-खाली होत राहतं, घेऊन जा, जास्त आशा ठेवू नका.

मी घरी आले.

जे लिहायला नको वाटतं

हे मी गाळणार होते. पण मग बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

घरी आले त्या दुपारी समोरच्या घरातल्या चाची बघायला आल्या. वन्सं शाळेत होत्या. चाचींनी दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बुरा मत मानना बहू. इस घर में बच्चे टिकते नहीं."

मग त्यांनी सांगितलं. वन्संना दोन मुलं झाली होती. एक मुलगा, एक मुलगी. दोन्ही तीन महिन्यांच्या आत गेली. दोन्ही अशीच काळी-निळी पडून. अंगावर दूध नव्हतं, वरचं दूध पाणी घालून पाजलं, पण काही उपयोग झाला नाही. सासरच्यांनी म्हटलं हिचा हातच वाईट. तेव्हापासून वन्सं गल्लीतल्या कुठल्याच बारशाला जात नव्हत्या.

म्हणून त्या बाळाला हात लावत नव्हत्या. हे मला कळलं तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. मला भीती वाटली.

संध्याकाळी वन्सं घरी आल्या, हातपाय धुऊन खोलीच्या दारात आल्या. मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही जरा... खोलीत नका येऊ. म्हणजे, मुलीला बरं वाटेपर्यंत."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. समोरच्या घराकडे एकदा पाहिलं.

"बरं," म्हणाल्या.

चार दिवस त्या खोलीत आल्या नाहीत. माझं ताट उंबऱ्यावर ठेवायच्या. आटवलेलं पाणी थर्मासमध्ये भरून उंबऱ्यावर ठेवायच्या. मी ते आत घ्यायची, पावडर मोजायची, बाळाला पाजायची. मुलीला नीट अंगाशी धरून, पोटभर.

चौथ्या दिवशी दुपारी नंदा पहिल्यापेक्षा काळी पडली. हात उचलला तर तो तसाच खाली पडला. मी ओरडले ते वन्संच्याच नावानं.

दुसऱ्यांदा

टांग्यात मी बाळाला धरून बसले होते आणि वन्सं पुढे टांगेवाल्याशेजारी. त्या मागे वळून बघत नव्हत्या.

मोठे डॉक्टर नव्हते. डॉक्टर निगम नावाचे एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच पास झालेले, शर्टाच्या कॉलरला शाईचा डाग. ते पण नळी काढून हृदयच ऐकू लागले. तेवढ्यात सिस्टर मरियम आल्या. त्यांनी नंदाला ओळखलं.

"डॉक्टरसाब, ये बच्ची इधर आता है तो गुलाबी, घर जाता है तो नीला. हार्ट ऐसा करता है क्या?"

डॉक्टर निगम थांबले. नळी कानातून काढली. मग त्यांनी मला विचारलं, आणि या सगळ्या आजारात मला कुणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, "घर पर बच्ची को क्या देती हैं आप?"

"डब्याचं दूध."

"वो तो यहाँ भी दिया था. पानी कहाँ का है?"

"घरच्या विहिरीचं. पण उकळलेलं."

त्यांनी सुईनं नंदाचं थोडं रक्त काढलं. मी तोंड फिरवणार होते, पण रंग दिसला आणि फिरवता आलं नाही. रक्त लाल नव्हतं. जुन्या गुळाच्या पाकासारखं तपकिरी होतं. त्यांनी एक थेंब टीपकागदावर टाकला. मग स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि आपला थेंब शेजारी टाकला. कागद खिडकीत धरून हलवत राहिले. त्यांचा थेंब लालभडक झाला. माझ्या मुलीचा तसाच राहिला.

"दिल ठीक है इसका," ते म्हणाले. "खून हवा नहीं पकड़ रहा."

निळं औषध आणवलं, शिरेतून दिलं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण दिवे लागायच्या आत नंदाचे ओठ फिरले. आधी राखाडी, मग फिकट, मग तिचे. ती रडली. पूर्ण आवाज काढून, पाय झाडत रडली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "चुप कराओ इसे," आणि सिस्टर मरियम म्हणाल्या, "रोने दो."

निदानाचा दिवस

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विहिरीचं पाणी मागवलं. वन्सं दोन बाटल्या घेऊन आल्या. एक विहिरीतून नुकतंच काढलेलं, एक आटवलेलं. दुसरी त्यांना कुणी सांगितली नव्हती, त्यांनीच आणली.

डॉक्टर निगमांचे एक ओळखीचे प्राध्यापक कॉलेजात रसायन शिकवत. ते स्वतः दोन काचनळ्या घेऊन वॉर्डच्या बाहेरच्या ओसरीवर आले. उंच, अशक्त, सतत खोकणारे गृहस्थ. त्यांनी नळीत पाणी घेतलं, त्यात काहीतरी मिसळलं, मग बाजूनं हळूहळू आम्ल सोडलं. पाणी आणि आम्ल यांच्या मध्ये तपकिरी कडं उमटलं. विहिरीच्या पाण्यात बारीक. आटवलेल्या पाण्यात जाड, गडद.

ते मराठीत बोलले. "ह्या पाण्यात नायट्रेट आहे. शेण, मूत, मैला मातीत मुरतो आणि पावसाबरोबर विहिरीत झिरपतो. चव नाही, वास नाही, रंग नाही. तुम्हाला-आम्हाला काही होत नाही. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाला होतं."

"पण आम्ही उकळत होतो," मी म्हणाले.

"उकळून जंतू मरतात, बाई. हा क्षार आहे. पाण्याची वाफ होते, हा खाली राहतो." त्यांनी दुसरी नळी बोटानं दाखवली. "तुम्ही निम्मं आटवलंत, तो दुप्पट झाला."

 आत कुठेतरी भांडं पडलं.

वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं त्या आता रडतील. त्यांनी पदर नीट केला आणि शाळेत बोलाव्या तशा स्पष्ट आवाजात विचारलं, "माझी दोन मुलं त्याच घरात गेली. वीस आणि अठरा वर्षांपूर्वी. अशीच निळी पडून. दोघांना गाईच्या दुधात हेच आटवलेलं पाणी घालून देत होते. मग तीही यानंच गेली का?"

प्राध्यापकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर निगम वन्संपाशी आले. मग म्हणाले, "माँजी, आज कैसे कहूँ? हो सकता है. बहुत मुमकिन है. पक्का मैं नहीं कह सकता."

"हात वाईट असल्यानं मुलं मरतात का?"

"नहीं," डॉक्टर म्हणाले. "ये मैं पक्का कह सकता हूँ."

वन्सं आत आल्या. मी मागून आले. त्या खाटेपाशी गेल्या, वाकल्या, आणि त्यांनी नंदाला उचललं. नवख्या माणसासारखं नाही. डोकं कोपरात, दुसरा हात खाली, सरावाच्या बाईसारखं. इतक्या वर्षांत त्यांचे हात विसरले नव्हते. मी स्टुलावर बसले. मला फार थकवा आला होता, म्हणून मी बसून राहिले.

हिरवे लंगोट

पुढचे दोन दिवस नंदाचे लंगोट हिरवे-निळे व्हायचे. त्या औषधाचा रंग लघवीतून जातो. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी घाबरून सिस्टरना बोलावलं. त्या हसल्या. त्या वॉर्डमध्ये इतक्या दिवसांत ऐकलेलं ते पहिलं हसू. दांडीवर वाळत घातलेले ते लंगोट बघून बाकीच्या आयाही हसल्या. कुणीतरी म्हणालं, होळी इकडेच झाली वाटतं.

तिसऱ्या दिवशी हे आले. रात्रीच्या गाडीनं, बसून, अंगावर कचेरीतलेच कपडे. डॉक्टर निगमांकडून सगळं ऐकूनच आत आले, मुलीला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "उकळताना तुम्हा दोघींना एवढंही कळलं नाही?"

त्यांचा राग माझ्यावर नाही, स्वतःवरच होता, हे आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही होतात कुठे? फायली भरत होतात." असं आम्ही पूर्वी कधी बोललो नव्हतो. अस्पतालाच्या ओसरीवर, माणसं जाता-येताना, दोघं हळू आवाजात भांडलो. मग त्यांना माझ्याकडून चाचींची आणि त्या चार दिवसांची गोष्ट कळली. 

"अक्काला खोलीबाहेर ठेवलंस?"

"हो."

"तिला?"

मी मान खाली घातली. ते भोपाळला परत जाईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. एका अर्थी आजारापेक्षा ते दिवस लांब गेले. मुलगी वाचली होती आणि घरात कुणाला आनंद करायची ताकद नव्हती.

पाण्याचे उपाय

नंदा चार महिन्यांची होईपर्यंत तरी दुसरं पाणी हवं होतं. प्राध्यापक फार चिवट निघाले. म्हणाले, घरच्या घरी काही होतं का बघूया. वन्सं एक-एक करून पाहायच्या आणि बाटली घेऊन त्यांच्याकडे जायच्या.

तुरटी फिरवली. गाळ बसला, कडं तेवढंच. वाळू, कोळसा आणि खडे घालून तीन माठांची उतरंड केली. पाणी काचेसारखं निवळ आलं, कडं तेवढंच. जंतू मारायचं लाल औषध विहिरीत टाकलं. कडं तेवढंच. प्रत्येक वेळी वन्सं वहीत तारीख घालून लिहायच्या, "उपयोग नाही."

कॉलेजात वाफेचं पाणी काढायचं यंत्र होतं, त्या पाण्यात कडं आलं नाही. पण ते प्रयोगशाळेपुरतं, रोज एका बाळाला कोण पुरवणार? शेवटी प्राध्यापक म्हणाले, "पाणी सुधारत बसू नका. पाणी बदला." सरकारी नळाचं पाणी तलावातून येतं, ते त्यांनी तपासलं, चांगलं निघालं. सर्वांत जवळचा नळ छावणीच्या रस्त्यावर होता. वन्सं शाळेत जाण्याआधी एक खेप आणि आल्यावर एक खेप करायच्या. मी बरी झाल्यावर म्हणाले, मी जाते. तर म्हणाल्या, "तू नुसती मुलीला धर."

आजच्या आयांसाठी इथेच लिहून टाकते. उकळू नका असं नाही, जंतूंसाठी उकळायला हवंच, पण नायट्रेट त्यानं जात नाही, आटवलं तर वाढतं. तुरटी, कापड, साधं फिल्टर, कशानंही जात नाही. आता घरात बसवायची आरओची यंत्रं आहेत, त्यानं बरंच कमी होतं. मोठ्या वस्तीसाठी टाक्यांत विशिष्ट रेझिनचे मणी भरलेली यंत्रंही असतात, त्यांना मिठाच्या पाण्यानं वरचेवर धुवावं लागतं. पण यंत्र बसवलं म्हणून निश्चिंत राहू नका, त्यातून आलेलं पाणी तपासून घ्या आणि पुन्हा पुन्हा तपासत राहा. बोअर किंवा विहीर संडासाच्या टाकीपासून, गोठ्यापासून, खताच्या ढिगापासून लांब हवी. अंगावर पाजता येत असेल तर पाजा. आणि बाळाचे ओठ-नखं निळसर, राखाडी दिसली, तर वाट बघू नका. डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगा की आमच्याकडे पाणी कुठलं आहे. ते विचारतीलच असं नाही.

हे एवढं मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

भोपाळ

दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं. आम्हाला खोली मिळेपर्यंत पौष उजाडला. तोवर नंदा पालथी पडून पुढे सरकू लागली होती. वन्संच्या चटईवर, वन्संच्या शिवणाच्या चिंध्या तोंडात घालत. माझं अंग भरलं नव्हतं, केस मुठीनं गळत होते. तापानंतर असं होतं म्हणे. आरशात पाहावंसं वाटत नसे.

त्या तीन महिन्यांत मी वन्संना त्या चार दिवसांबद्दल एक शब्द बोलले नव्हते. रोज ठरवायची. रोज काहीतरी मध्ये यायचं, पाणी, दूध, लंगोट, किंवा माझा भित्रेपणा. निघायचा दिवस आला. ट्रंका दारात लागल्या होत्या. हे टांगा आणायला गेले होते. वन्सं नंदाला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि मी त्यांच्या पाया पडायला वाकले ती तशीच खाली बसले. मला उठता येईना.

"वन्सं, मी तुम्हाला खोलीत येऊ नका म्हटलं होतं."

"हो."

"त्या बाईचं ऐकून."

"माहीत आहे."

"मला माफ करा म्हणायचंय, पण कसं म्हणू?"

वन्संनी मला दंडाला धरून उठवलं. त्यांचे हात खरोखरच खरखरीत होते, दोराचे आणि कळशीचे.

"तू मला चार दिवस बाहेर ठेवलंस," त्या म्हणाल्या. "सासरच्यांचं ऐकून मी स्वतःला अठरा वर्षं बाहेर ठेवलं होतं. कुणाच्या बाळाला हात लावला नाही. आता मी तुझ्यावर रागावू की माझ्यावर?"

 गल्लीच्या तोंडाशी टांग्याच्या घंटा वाजल्या. वन्संनी नंदाचे दोन्ही पाय एकदा मुठीत धरले, गरम आहेत का बघावं तसे. मग तिला माझ्याकडे दिलं.

"गाडीत डोकं झाक तिचं," म्हणाल्या, आणि ट्रंकेची दुसरी कडी धरायला पुढे झाल्या.